जुना ड्रॉपर उघडताना

माउंटन बाइकच्या ड्रॉपर सीटपोस्टचं (लिव्हर दाबून सीट वर-खाली करता येते अशा दांड्याचं) उत्पादन बंद झालं की दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं: "याचे पार्ट येत नाहीत, नवीन टाका." पार्ट येत नाहीत हे बहुतेक वेळा खरं असतं. नवीनच टाकायला हवा हे मात्र त्यावरून ठरत नाही. यायचा बंद होतो तो कंपनीचा सर्व्हिस किट. त्या किटच्या पुडीत काय असतं? सात-आठ ओ-रिंगा (गोल रबरी कडी), पितळेच्या दोन-तीन बारक्या चाव्या (नळीच्या खाचेत बसून सीट वळू न देणाऱ्या पट्ट्या), नळी ज्यात सरकते तो एखादा बुश, वरचं धूळ रोखणारं सील. यातल्या ओ-रिंगा म्हणजे निव्वळ मापाने घ्यायच्या वस्तू. मुंबईत मशीद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला शिरलं की बेअरिंग, ऑइल सील आणि ओ-रिंगांच्या दुकानांत ती मापं आजही मिळतात. फक्त तिथे सायकलच्या ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही. मिलिमीटर सांगावे लागतात.

म्हणून बंद झालेल्या ड्रॉपरची सर्व्हिसिंग हे आधी मोजमापाचं काम आहे. पाने आणि ग्रीस नंतर.

एवढी खटपट का, तर फ्रेमसाठी. जुन्या २६ इंची चाकांच्या फ्रेमपैकी बऱ्याच जणींना सीटट्यूबमधून केबल सोडायला भोक नसतं आणि आताचे बहुतेक ड्रॉपर खालच्या टोकाने केबल घेतात. त्यात सीटट्यूब २७.२ मिलिमीटरची असेल तर पर्याय आणखी आटतात, कारण नव्या पोस्टचा भर ३०.९, ३१.६ आणि ३४.९ या मापांवर आहे. मोठ्या ट्यूबमध्ये लहान पोस्ट शिम (पातळ बाही) घालून बसवता येतो, उलटं जमत नाही. घरी ड्रिल घेऊन फ्रेमला भोक पाडायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. सीटट्यूबच्या खालच्या जोडाजवळ बराच ताण असतो, आणि तडा भोकाच्या कडेपासूनच निघतो. तेव्हा बरोबर मापाचा, बाहेरून केबल घेणारा जुना पोस्ट हाताशी असेल तर तो जपण्यासारखाच आहे.

या वस्तूचा इतिहास लहान पण दाटीवाटीचा. १९८४ साली अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश अँजेल यांनी हाइट-राइट आणली. साध्या सीटपोस्टला बाहेरून लावायची ती एक स्प्रिंग होती: क्विक रिलीज (हाताने सोडायचा क्लॅम्प) सैल केला की वजनाने सीट खाली, बूड उचललं की स्प्रिंगने वर. पुढे ग्रॅव्हिटी ड्रॉपर, मॅव्हरिकचा स्पीडबॉल, त्यावरून निघालेला क्रँक ब्रदर्सचा जॉप्लिन, केएसचा आय९५०, स्पेशलाइज्डचा कमांड पोस्ट, २०१० साली रॉकशॉक्सचा पहिला रिव्हर्ब, २०१२ च्या सुमारास क्रोनोलॉग आणि फॉक्सचा डॉस. दर दोन-चार वर्षांनी नवी रचना आली आणि आधीची मागे पडली. येऊर, आरे, खारघरच्या चढ-उतारांवर यातले जुने पोस्ट अजूनही दिसू शकतात, कारण मूळ धातूकाम चांगलं होतं.

बाहेरून सगळे सारखेच. खालची जाड नळी फ्रेममध्ये, तिच्यातून वर-खाली सरकणारी वरची नळी, तोंडाशी आटे असलेली कॉलर आणि तिच्यात धूळ रोखणारं वायपर सील. आत मात्र तीन वेगळी घराणी आहेत, आणि आपला पोस्ट कुठल्या घराण्यातला हे कळल्याशिवाय त्याला पाना लावू नये.

पहिलं घराणं पूर्ण यांत्रिक. ग्रॅव्हिटी ड्रॉपरमध्ये कॉइल स्प्रिंग सीट वर ढकलते आणि एक पिन आतल्या नळीच्या भोकात बसून तिला धरते. डॉसमध्येही स्प्रिंगच आहे. तेल नाही, दाब नाही. उघडा, पुसा, ग्रीस लावा, बंद करा. दुसरं घराणं कमांड पोस्टचं: धरून ठेवायचं काम यांत्रिक, वर ढकलायचं काम हवेचं. हवेचा दाब इथे बेताचा असतो, कारण तिला माणसाचं वजन पेलायचं नसतं. तिसऱ्या घराण्यात सीटवर बसलेल्या माणसाचं सगळं वजन तेल पेलतं. लिव्हर दाबला की झडप उघडते, तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं. सोडला की झडप मिटते आणि तेल दाबलं जात नसल्यामुळे सीट जिथल्या तिथे थांबते. वर आणायला मागे दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन, आणि हवा व तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन. ऑफिसच्या खुर्चीखालचा गॅस सिलिंडरही असाच झडपेवर चालतो, फक्त सायकलमध्ये त्यावर दगडधोंड्यांचे धक्के बसतात. जुन्या रिव्हर्बमध्ये हा हवेचा दाब २५० पीएसआय असतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण तीसेक असतो, हे लक्षात ठेवलं की हवा न काढता काही उघडायची इच्छा होणार नाही.

आता लक्षणं. सीट सावकाश वर येते ही सगळ्यात वारंवार ऐकू येणारी तक्रार, आणि तिचं कारण अनेकदा पोस्टमध्ये नसतंच. आधी फ्रेमचा सीट क्लॅम्प थोडा सैल करून बघावा. क्लॅम्प जास्त आवळला की खालची नळी चिमटली जाते आणि आतला बुश वरच्या नळीला धरून ठेवतो. पाच न्यूटन मीटर बहुतेकांना पुरतात. पोस्ट घसरतो म्हणून आठ-नऊपर्यंत आवळणं हा उपाय नव्हे, त्याऐवजी घर्षण वाढवणारी पेस्ट लावावी. मग केबल सोडवून झडपेचा खटका बोटाने दाबून पाहावा. बोटाने झपकन येते आणि लिव्हरने येत नाही, तर दोष केबलमध्ये. तरीही सावकाश असेल तर ग्रीस वाळलंय किंवा हवा कमी झालीय. या क्रमाने गेलं तर बरेच पोस्ट न उघडताच मार्गी लागतात.

सीट आपोआप थोडी थोडी खाली किंवा वर सरकते, म्हणजे झडप पूर्ण मिटत नाही. केबलला मिलिमीटर-दोन मिलिमीटर ढील द्यावी. ढील देऊनही सरकते तर आत झडपेच्या बैठकीवर कचरा आहे किंवा तिथली ओ-रिंग कापली गेलीय. सीटचं नाक डावी-उजवीकडे हलतं, म्हणजे चाव्या झिजल्या. सगळी सीट पुढे-मागे खटखटते, म्हणजे बुश. आणि पूर्ण वर असतानाही बसल्यावर पाच-दहा मिलिमीटर स्प्रिंगसारखी दबते, तर हवा तरंगत्या पिस्टनला ओलांडून तेलात शिरलीय. तेल दबत नाही, हवा दबते, म्हणून ती उसळी. हा तिसऱ्या घराण्याचा खास आजार आणि त्यावर वरवरचा इलाज नाही.

या आजाराचं एक कारण आपल्याकडे फार सर्रास घडतं. सीट खाली दाबलेली असताना सायकल सीटला धरून उचलणं. सोसायटीचा जिना, लोकलचा लगेज डबा, गाडीमागचा रॅक, सगळीकडे हात आपसूक सीटकडे जातो. त्या वेळी तेलाच्या कप्प्यात ओढ निर्माण होते आणि ती हवेला सीलवरून आत खेचते. सायकल फ्रेमच्या वरच्या नळीला धरून उचलावी, किंवा निदान सीट पूर्ण वर आणून मग. दुकानातल्या स्टँडमध्ये अडकवतानाही तेच: सीट पूर्ण वर, आणि पकड वरच्या चकचकीत नळीवर कधीच नाही.

पोस्ट फ्रेममधून काढण्याआधी तो किती आत होता तिथे चिकटपट्टी लावावी, केबल कुठून कशी वळलीय त्याचे फोटो घ्यावेत. मुंबईत खरी अडचण पुढे येते. समुद्राची खारी हवा आणि सांताक्रूझला जून ते सप्टेंबरमध्ये सरासरी दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस यांच्यामुळे ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये अक्षरशः धरतो. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी जमते, फुगते आणि फट बुजवते. साधा सीटपोस्ट अडकला की माणूस सीट धरून पिळतो. ड्रॉपरच्या बाबतीत हे करायचं नाही. पिळण्याचा सगळा जोर त्या बारक्या पितळी चाव्यांवर येतो. त्या कातरल्या जातात आणि वरच्या नळीतली खाच खरवडली जाते. चाव्या बदलता येतील, खाच नाही. क्लॅम्प काढून, फटीत गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवावं, सायकल उलटी करून खालूनही तेल सोडावं, आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या पान्याने खालच्या नळीलाच धरून फिरवावं. ब्लोलँप नको. आत सील, प्लास्टिक आणि दाबाखालची हवा आहे.

पोस्ट हातात आला की पहिलं काम हवा काढणं. व्हॉल्व्हचं टोपण काढून सुईला बाजूने दाबायचं, तोंड दुसरीकडे, डोळ्यांवर चष्मा. तेलाचे शिंतोडे येतील. हवा गेली असं वाटल्यावर लिव्हरचा खटका दाबून सीट एकदा खाली-वर करावी आणि पुन्हा सुई दाबावी, अडकलेली हवा तेव्हा निघते. मग व्हॉल्व्हची सुई काढूनच टाकावी. सीलबंद नायट्रोजन कार्ट्रिज असेल तर ती मात्र उघडायची नाही, भोकही पाडायचं नाही. ती अख्खी बदलायची वस्तू आहे. बरी गोष्ट अशी की अशा कार्ट्रिज थोड्याच कारखान्यांतून येतात आणि वेगवेगळ्या ब्रँडच्या पोस्टमध्ये तीच बसवलेली सापडते. एकूण लांबी, दांड्याचा प्रवास (तो किती सरकतो), दोन्ही टोकांचे आटे आणि खटका कसा दाबला जातो, ही चार मापं जुळली तर ब्रँड जुळायची गरज नाही.

खालची नळी व्हाइसमध्ये लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मऊ जबड्यांत हलकेच धरायची. कॉलर शक्य तितकी हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने सोडवावी. पाइप पान्याचे दात एकदा उमटले की ती कॉलर पुढच्या वेळी कुठल्याच पान्याला दाद देत नाही. वरची नळी बाहेर येताना खाली पांढरं फडकं अंथरलेलं ताट ठेवावं, कारण चाव्या याच क्षणी निसटतात. कुठली चावी कुठल्या खाचेतली आणि तिची कुठली बाजू वर होती ते लगेच लिहून ठेवावं. झिजलेली चावी पुन्हा वापरायची वेळ आली तर ती त्याच खाचेत, त्याच बाजूने बसली पाहिजे.

सफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं सुती फडकं. पेट्रोल, थिनर यांनी रबर फुगू शकतं. धुऊन झालं की नखाची परीक्षा: वरच्या नळीवरून नख हळूच फिरवायचं. ते कुठे अडकलं तर तिथली कड सील कापते. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून नळीभोवती गोल फिरवत फक्त ती उभी राहिलेली कड मारायची. ओरखडा पूर्ण घालवायच्या नादात ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा कठीण थर निघून जातो. बाहेरून दिसणाऱ्या या नळीवरच्या ओरखड्यांना लोक घाबरतात, पण बहुतेक रचनांत तिच्यावर तेल अडवायची जबाबदारी नसते, तिथे फक्त वायपर आणि बुश घासतात. (क्रोनोलॉग अपवाद. त्यात पोलादी पट्ट्या नळीलाच चावून धरतात, म्हणून तिच्यावरच्या खुणा गंभीर.) खरा जीव आहे तो आतल्या बारीक दांड्यात. त्याच्यावर एक सूक्ष्म रेघ असेल तरी नवी ओ-रिंग टिकायची नाही.

चावी भिंगाखाली धरून बघण्यासारखी असते. नव्या चावीची कड सरळ आणि दोन्ही पृष्ठभाग मंद चमकणारे. झिजलेल्या चावीच्या एकाच बाजूला, एका कोपऱ्याशी, आरशासारखा तिरका पट्टा दिसतो. सीट कुठल्या दिशेने जास्त वळायला बघते ते तो पट्टा सांगतो, आणि समोरच्या खाचेत त्याच उंचीवर जोडीची खूण सापडते. पितळ वापरतात ते यासाठीच: कठीण ॲनोडायझिंगच्या खाचेपेक्षा ते आधी झिजतं. पोलादाची चावी करून घेतली तर चावी टिकेल आणि पोस्ट जाईल. रिव्हर्बच्या चाव्या क्रमांकवार मापांत येत असत, आणि निवडायचा नियम इतर पोस्टलाही लागू आहे: जी सगळ्यात जाड चावी घालूनही नळी स्वतःच्या वजनाने सरकते, ती बरोबर. चाव्या मिळतच नसतील तर कीका स्ट्रीट, गुलालवाडीच्या बाजूला पितळेच्या पट्ट्या आणि सळ्या मिळतात. थोडी जाड चावी कापून घ्यायची, सपाट काचेवर चारशे आणि मग आठशे नंबरचा पेपर ठेवून आठच्या आकड्यासारखी घासत, दर काही फेऱ्यांनंतर मायक्रोमीटरने मोजत उतरवायची. शेवटचे दोन-तीन शतांश मिलिमीटर खाचेत घालून बघतच काढावे लागतात. सगळ्या चाव्या एकाच मापाच्या हव्यात, नाहीतर जोर एकटीवर येतो. आणि सीटच्या नाकाशी किंचित प्ले, म्हणजे हलण्याची मोकळीक, राहणारच. तो शून्य करायच्या हट्टाने पोस्ट जाम होतो.

ओ-रिंगांवर थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जुनी रिंग मोजून तशीच नवी आणणं ही पहिली चूक. वापरलेली रिंग गोल राहिलेली नसते. चिमट्याने काढून कापली आणि कापलेलं टोक उजेडात धरलं तर छेद इंग्रजी 'डी' अक्षरासारखा, एक बाजू चपटी झालेला दिसतो. तेलाने ती फुगलेलीही असते. माप घ्यायचं ते खाचेचं. समजा पिस्टन ज्या नळीत चालतो तिचा आतला व्यास १९.१ मिलिमीटर आणि पिस्टनवरच्या खाचेच्या तळाचा व्यास १६.० आहे. वजाबाकी ३.१, तिचं निम्मं १.५५. रिंगला मिळणारी जागा ती एवढी. सरकणारी रिंग दहा ते पंधरा टक्के दबलेली हवी. १.७८ जाडीची रिंग इथे १३ टक्के दबते, बरोबर. तिच्याऐवजी २ मिलिमीटरची घातली तर दाब २२ टक्क्यांच्या वर जातो. रिंग बसते, गळतीही होत नाही, पण सीट कण्हत कण्हत वर येते आणि माणूस दोष हवेला देतो. आतला व्यास खाचेच्या तळापेक्षा दोन-तीन टक्के कमी घ्यायचा, म्हणजे रिंग ताणून घट्ट बसते, इथे १५.६० चालेल.

१.७८, २.६२, ३.५३ या जाड्या अमेरिकी मानकाच्या, १.५, २, २.५ या मेट्रिक. पोस्ट अमेरिकी कंपनीचा असला की पहिल्या मालिकेची शंका घ्यावी. दुकानात "शेठ, सायकलच्या पंपाचा वायसर द्या" म्हटलं तर ते जवळचं काहीतरी काढून देतील, त्यांचा दोष नाही. "पंधरा साठ, एक अठ्ठ्याहत्तर, नायट्राइल, सत्तर शोअर" (आतला व्यास, जाडी, रबराचा प्रकार, कठीणपणा) म्हटलं की बरोबर खण उघडतो. एकेका मापाच्या पाच-सहा घेऊन ठेवाव्यात, किंमत किरकोळ असते आणि एखादी बसवताना आट्यावर कापली जातेच. ईपीडीएम रबर घेऊ नये. ते डॉट ब्रेक ऑइलसाठी चांगलं, पण ड्रॉपरच्या खनिज तेलात फुगतं. त्याच न्यायाने ड्रॉपरमध्ये डॉट ऑइल घालायचं नाही.

वरचं वायपर सील मात्र कंपनीच्या खास आकाराचं असतं आणि तेच मिळत नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी टाकून द्यायचं. ओठ फाटलेला नसेल तर अल्कोहोलने पुसून, मागच्या खणात ग्रीस भरून तेच परत बसवावं. फाटलाच असेल तर नळीचा व्यास, बैठकीचा व्यास आणि उंची घेऊन हायड्रॉलिक सिलिंडरच्या वायपरमध्ये शोधावं. मापात अर्धा-एक मिलिमीटर फरक निघाला तर लेथवाल्याकडून पातळ कडं करून घेता येतं.

तेलाचा पोस्ट पूर्ण उघडायचा असेल तर एका मापावर सगळं अवलंबून आहे: तरंगता पिस्टन किती खोल बसवायचा. हा आकडा मॉडेलनुसार आणि प्रवासानुसार बदलतो, आणि तो कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. बंद झालेल्या मॉडेलचं मॅन्युअल आधी उतरवून ठेवावं, मग पोस्ट उघडावा. मॅन्युअल नसेल तर सीट पूर्ण वर असताना, हवा काढल्यावर, व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या काडीने खोली मोजून ठेवायची. पण पोस्ट आधीच दबत असेल तर त्या आकड्यावर विश्वास नको, कारण हवा पलीकडे गेलीय म्हणजे पिस्टन आपल्या जागेवरून हललेला आहे. पिस्टन तेलाकडे जास्त सरकलेला बसला तर तेल कमी पडतं आणि सीट वरच्या टोकाला मऊ राहते. उलट हवेकडे जास्त सरकला तर हवेला जागा कमी. सीट खाली दाबताना आत शिरणारा दांडा तेल ढकलतो, तेल पिस्टनला, आणि शेवटच्या दोन-तीन सेंटीमीटरला दाब इतका चढतो की सीट तळाला टेकतच नाही. चूक कुठल्या बाजूला झाली ते अशा रीतीने पुन्हा न उघडताही कळतं.

तेल रिव्हर्बसाठी २.५ वजनाचं. ते बाजूने, नळीच्या भिंतीवरून सोडावं, वरून ओतलं की बुडबुडे धरतात. भरल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून, लाकडी मुठीने हलके टिचवून बुडबुडे वर येऊ द्यावेत. पिस्टन घालताना त्याच्या कडेने थोडं तेल ओसंडलं पाहिजे. कोरडा बसला तर खाली हवा राहिलीच समजा. हवा शॉक पंपानेच भरायची, टायरचा पंप त्या दाबाला पोचत नाही. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो मुख्यतः पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, त्यामुळे घाबरून जास्त भरू नये.

केबलचं थोडक्यात सांगतो. गिअरची स्टेनलेस केबल, चार मिलिमीटरचं कव्हर, दोन्ही टोकांना टोपणं. नवा लिव्हर घेताना एकच बघायचं: केबलच्या टोकाचा मणी लिव्हरकडे बसतो की पोस्टकडे. जुन्या पोस्टमध्ये दोन्ही प्रकार आहेत आणि उलटा लिव्हर आणला तर तो बसवताच येत नाही. तेलाच्या नळीवर चालणाऱ्या जुन्या रिमोटचा मात्र दोन सिरिंज लावून ब्लीड करावा लागतो, म्हणजे आतली हवा काढावी लागते, आणि तो पुन्हा पुन्हा हवा घेत असेल तर आतून नळी घेणाऱ्या रिव्हर्बला केबलवर आणणारा बाइकयोकचा डीहाय नावाचा किट निघाला होता, तो कोणाकडे पडून असला तर सोन्यासारखा.

बसवताना ग्रीस सस्पेन्शनचं, पातळ. चाव्यांच्या खाचेत आणि बुशवर फिल्मसारखा थर, त्याहून जास्त नाही. जाड लिथियम ग्रीस गाडीच्या चाकाला शोभतं, इथे ते धूळ धरून पेस्ट बनतं. कॉलर हाताने पूर्ण, मग पान्याने जेमतेम. पोस्ट फ्रेममध्ये टाकताना स्टील आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खालच्या नळीवर ग्रीस, कार्बनच्या फ्रेमला कार्बन पेस्ट. किमान आत घालायची रेघ दिसता कामा नये. मग चाचणी: सीट मध्यावर थांबवून पूर्ण वजनाने बसायचं, कॉलरपासून सीटच्या क्लॅम्पपर्यंतचं अंतर बसण्याआधी आणि बसल्यावर मोजायचं. फरक नको. तशीच रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा.

पावसाळ्याचं वेळापत्रक मुंबईत सोपं आहे. मेच्या शेवटी कॉलर उघडून ग्रीस, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये पूर्ण उघडणी. मधल्या काळात जोरदार पावसातून आल्यावर पोस्ट काढून फ्रेम उलटी करावी, सीटट्यूबमधून बॉटम ब्रॅकेटपर्यंत (पेडलांचा आस बसतो तिथपर्यंत) गेलेलं पाणी निघतं. चाकाने उडणारा चिखल सरळ कॉलरवर येतो आणि त्यातली बेसॉल्टची बारीक कच वायपरच्या ओठात रुतते, म्हणून सीटच्या दांड्यांना अडकवायचं प्लास्टिकचं मडगार्ड लावावं. ट्यूबचा तुकडा कापून नळीवर बाही चढवण्याची युक्ती कोरड्या दिवसांत चालते. पावसात तीच बाही पाणी आणि कच आत कोंडून ठेवते.

काही पोस्ट मात्र सोडून द्यावे लागतात. सीट धरणाऱ्या डोक्याला तडा, आतला दांडा वाकलेला, किंवा चावीची खाच इतकी रुंदावलेली की नव्या चाव्यांनीही सीट वळते. डोक्याच्या तड्यावर वेल्डिंग करून कोणीही बसू नये, ते तुटलं तर अंगाखालीच तुटतं. असा पोस्ट भंगारात घालण्याआधी हवा काढून पूर्ण उघडावा आणि त्याचे भाग वेगळे ठेवावेत: वायपर, कॉलर, सीट क्लॅम्पचे बोल्ट आणि गोल नट, व्हॉल्व्हचं टोपण, तरंगता पिस्टन, झडप, चाव्या. प्रत्येक पुडीवर मॉडेल, प्रवास आणि नळीचा व्यास लिहावा. याच मॉडेलचा दुसरा पोस्ट कोणाकडे तरी केवळ एका वायपरसाठी अडकून पडलेला असतो, आणि बाजारात मापाने मिळत नाहीत ते भाग हेच.